ताईंची पानं

इस्पितळाचा संगणक विभाग तळघरात होता, धुलाईखान्याला लागून. भिंतीपलीकडे दिवसभर मोठाली यंत्रं चादरी घुसळत असायची आणि अलीकडे पाच-सहा माणसं स्क्रीनकडे बघत बसलेली असायची. उन्हाळा असो की थंडी, खोलीला कायम ओल्या गरम कापडाचा वास. बाहेरून कुणी आलं की नाक मुरडायचं. आतल्यांना तो वास केव्हाच येईनासा झाला होता.

दाराजवळच्या टेबलावर जो बसायचा, त्याला विभागात 'प्रिंटर' म्हणत. तोंडावर नाही. पण वरच्या मजल्यावरून फोन आला की घेणारा रिसीव्हरवर हात ठेवून विचारायचा, "प्रिंटरला पाठवू का?" आणि ते त्याला व्यवस्थित ऐकू यायचं. तो मूळचा टेलिफोन ऑपरेटर. तरुणपणी याच इस्पितळाच्या एक्स्चेंजमध्ये लागला, कानाला हेडफोन लावून डॉक्टरांना डॉक्टर जोडून देत राहिला. पुढे एक्स्चेंज बंद पडलं. आता या माणसाचं करायचं काय, असा प्रश्न आला, तेव्हा कुणीतरी त्याला तळघरात पाठवून दिलं. त्याच्याकडे पदवी नव्हती. त्यामुळे वायर ओढणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं आणि पासवर्ड विसरलेल्या डॉक्टरांची समजूत घालणं, एवढंच त्याच्या वाट्याला यायचं. समजूत मात्र तो छान घालायचा. आवाज ऑपरेटरचा होता.

त्याला खरं काम शिकवलं ताईंनी. ताई विभागात सगळ्यांत जुन्या. रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे निकाल, औषधांचा साठा, हे सगळं ज्या डेटाबेसमध्ये राहायचं तो त्या सांभाळायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्या त्याला शेजारी खुर्ची ओढून घ्यायला सांगायच्या आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने स्क्रीनवर दाखवत राहायच्या. तो चुकला की म्हणायच्या, "डोकं आहे रे तुला. कागद काढताना प्रिंटरमध्येच विसरून आलायस." दोन-तीन वर्षांत तो सर्व्हर उभा करायला शिकला, बंद पडलेला उठवायला शिकला. पण खोलीत त्याचं नाव काही बदललं नाही.

मग ताईंचं दुखणं आलं. बोटांचे सांधे सुजायला लागले. आधी सकाळी, मग दिवसभर. उपचारांसाठी त्यांनी सुट्टी घेतली आणि नेमकी त्याच आठवड्यात प्रयोगशाळेची यंत्रणा अडकली. रक्ततपासणीचे निकाल वॉर्डात पोहोचेनात. काय करायचं ते फक्त ताईंना ठाऊक, आणि ताई स्वतः तपासणीच्या टेबलावर. परिचारिका निकालाचे कागद हातात घेऊन जिने चढत-उतरत होत्या. वर वैद्यकीय प्रमुखांनी विभागाच्या साहेबांना उभ्या उभ्या झाडलं, आणि साहेबांनी खाली येऊन बैठक बोलावली.

"सगळं कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात आहे," साहेब म्हणाले. "डोकं रजेवर गेलं की आपण आंधळे. मला हे सगळं लिहिलेलं हवं. एका जागी. ज्याला लागेल त्याला शोधता आलं पाहिजे, आणि चुकलेलं असेल तर ज्याला बरोबर माहीत आहे त्याने तिथल्या तिथे दुरुस्त केलं पाहिजे."

"म्हणजे विकी," नवी म्हणाली. ही मुलगी विभागात येऊन तीन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून ती अजून नवीच होती. "बाहेर तयार मिळतात. वर्गणी भरली की झालं."

तेव्हा दाराजवळून आवाज आला. "बाहेर नको."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बैठकीत तो सहसा बोलत नसे.

"आपलं नेटवर्क कसं आहे, कुठल्या यंत्राला कुठून जाता येतं, हे आपण त्यात लिहिणार. ते दुसऱ्याच्या घरी कशाला ठेवायचं? मी इथेच उभा करतो. स्टोअरमध्ये जुना सर्व्हर पडलाय, चांगला आहे."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताई नुकत्याच कामावर परतल्या होत्या, दोन्ही मनगटांना पट्टे बांधून. त्या म्हणाल्या, "करू दे त्याला. करेल तो."

एवढ्या दोन वाक्यांवर ते काम त्याचं झालं.

पुढचे काही आठवडे तो हवेत होता. स्टोअरमधून सर्व्हर आणून त्याने ब्रशने त्यातली धूळ काढली, पंखा बदलला, विकीची प्रणाली बसवली. पहिल्या पानावर विभागाचं नाव टाकलं आणि खाली 'इथे शोधा' असा मोठा चौकोन. दुसरी एक डिस्क जोडून रोज सगळ्या पानांची प्रत तिच्यावर जाईल अशी सोय केली. प्रत झाली की सकाळी त्याला मेल यायचा: बॅकअप यशस्वी. त्या मेलचं त्याला फार कौतुक. चहा पिता पिता तो उघडायचा आणि मान हलवायचा.

घरी त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आज विकीने त्रास दिला, आज विकी झटपट उघडला, आज विकीत साहेबांनी स्वतः एक पान लिहिलं. आई पलंगावर बसून ऐकायची. एके दिवशी तिने सुनेला हळूच विचारलं, "हा विकी कुणाचा गं? बिचाऱ्याला सगळेच लिहायला लावतात." बायको शाळेत शिकवायची, कुठलीही गोष्ट सोपी करून सांगण्यात तिचा हातखंडा. पण या वेळी तिने सांगितलं, "त्यांच्या ऑफिसात नवीन लागलाय, हुशार आहे." आणि दोघं नवरा-बायको स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले. आई नंतर रोज विकीची चौकशी करायची. ऑफिसातही कुणीतरी ही गोष्ट ऐकली, आणि 'प्रिंटर' जाऊन 'विकीभाऊ' आलं. हे नाव मात्र तोंडावर घेतलं जायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्या भरात त्याने हाक मारणाऱ्याचा कीबोर्डही पुसून दिला.

लोक लिहीत होते, पण कंटाळत, एकमेकांवर ढकलत. लिहिलं ते ताईंनी. डॉक्टरांनी त्यांना काम सोडायला सांगितलं होतं आणि त्यांनी जाण्याची तारीख ठरवून टाकली होती. जाण्याआधी डोक्यातलं सगळं उतरवून ठेवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. सकाळी बोटं उघडायची नाहीत, म्हणून त्या आधी गरम पाण्याच्या पिशवीवर हात ठेवून बसायच्या. मग दोन्ही तर्जन्यांनी, एक एक अक्षर शोधत, टाइप करायच्या.

"ताई, तुम्ही सांगा, मी लिहितो," तो एकदा म्हणाला.

"सांगताना माणूस पायऱ्या गाळतो. लिहिताना गाळत नाही. तू तुझं काम कर."

आणि काय पानं होती ती. प्रयोगशाळेची यंत्रणा अडकली तर आधी काय बघायचं, मग काय, आणि कुठल्या गोष्टीला चुकूनही हात लावायचा नाही. मध्येच एखादं वाक्य: 'इथे लाल रंगात धमकी येईल, घाबरू नका, तिला तेवढंच येतं.' किंवा: 'हे करण्याआधी औषध विभागाला फोन करा. नाही केलात तर तेच तुम्हाला करतील, आणि तो फोन गोड नसेल.' नवी ती पानं मोठ्याने वाचून दाखवायची. नुसत्या सूचना असूनही ताई समोर बसून बोलताहेत असं वाटायचं.

ताईंनी पहिलं पान लिहायच्या आधीच एका शनिवारी धुलाईखान्यात विजेचं काम निघालं आणि तळघरातले सगळे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावे लागले. विकीही पुन्हा चालू झाला, पानं उघडली, तो निर्धास्त झाला. दुसरी डिस्क मात्र त्या वेळी जोडली गेली नाही. रोजची प्रत पूर्वीच्याच नावाच्या फोल्डरमध्ये जात राहिली, पण तो फोल्डर आता पहिल्याच डिस्कवर होता. म्हणजे पानं आणि पानांची प्रत एकाच पेटीत. सकाळचा मेल त्याला तसाच येत राहिला: बॅकअप यशस्वी. मेलचं म्हणणं खोटंही नव्हतं.

ताईंच्या निरोपाच्या दिवशी विभागात छोटा कार्यक्रम झाला. साहेबांनी वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही बोलावलं होतं. पडद्यावर विकी लावला होता आणि तो उभा राहून दाखवत होता, असं शोधायचं, असं उघडायचं. वैद्यकीय प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबता थांबता ताईंनी खुर्चीवरूनच विचारलं, अगदी सहज,

"बॅकअप परत आणून पाहिलास ना रे?"

प्रश्न साधा होता. प्रत निघते आहे यावर भागत नाही, त्या प्रतीतून सगळं पुन्हा उभं राहतं का हे करून बघायचं असतं. हे त्याला ताईंनीच शिकवलं होतं. त्याने करून पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात करायचं असं रोज ठरत होतं.

"हो ताई," तो म्हणाला. "पाहिलाय."

ताईंनी मान हलवली. शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला त्या काहीतरी म्हणाल्या आणि दोघं हसले. नंतर केक कापताना सुरी त्यांना बोटांत धरवेना, तेव्हा त्याने त्यांच्या हातावर हात ठेवून ती दाबली. फोटोही निघाला तसा.

तो 'हो' काही दिवस त्याला टोचला. मग टोचायचा थांबला. आता इतकं काय, येत्या आठवड्यात करून टाकू म्हणजे खोटं खरं होऊन जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात तो पटाईत होताच.

डिस्क गेली ती एका साध्या सकाळी. आधी विकी उघडायला वेळ लागू लागला, मग उघडेना. त्याने सर्व्हरला कान लावला तेव्हा आतून टिकटिक येत होती, पेनाचं बटण कुणी दाबत बसावं तशी. तरी तो शांत होता. दुसरी डिस्क आहे. त्याने ती काढली, दुसऱ्या यंत्राला लावली, उघडली आणि शेवटच्या प्रतीची तारीख पाहिली.

त्याने ती पुन्हा पाहिली. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि तिसऱ्यांदा पाहिली. विजेच्या कामाच्या आदल्या दिवसाची प्रत होती. त्यानंतर काहीच नाही. त्या प्रतीत काय होतं? विकी कसा वापरावा, याचं त्याने लिहिलेलं पान. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद कसा काढावा, याची त्याची चार पानं, चित्रांसकट. साहेबांचं स्वागताचं पान. ताईंचं एकही नाही.

भिंतीपलीकडे यंत्रं चादरी घुसळत होती आणि त्या आवाजात नवी त्याला काहीतरी विचारत होती.

"विकीभाऊ, विकी उघडत नाहीये. तुमच्याकडे उघडतोय का?"

"देखभाल चालू आहे," तो म्हणाला.

आणि खरोखरच त्याने तसं पान लावलं. जो कुणी विकी उघडेल त्याला दिसायचं: देखभालीसाठी तात्पुरता बंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. 'आहोत' लिहिताना त्याला स्वतःचीच शरम वाटली, दिलगीर व्हायला दुसरं होतंच कोण? पण 'आहे' लिहायला हात धजला नाही.

बिघडलेली डिस्क पिशवीत घालून तो बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेला. तो माणूस भिंग लावून काम करायचा, दुकानात उघडलेल्या डिस्कचे ढीग. त्याने डिस्क दोन दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाला, "आतली तबकडी खरवडून निघालीय. लग्नाचे फोटो होते का?"

"नाही. ऑफिसचं होतं."

"मग बरं," दुरुस्तीवाला म्हणाला. "ऑफिसवाल्यांकडे दुसरी प्रत असतेच."

रस्त्याने येताना त्याला वाटलं, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

घरी जेवताना आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "विकी कसा आहे?"

"गेला," तो म्हणाला. त्याच्या तोंडून निघून गेलं.

आईचा घास हातातच राहिला. "अरे देवा. केवढा होता रे? घरी कोण कोण आहे त्याच्या?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. एरवी ती हसली असती. त्याचा चेहरा बघून तिने आईला समजावलं की विकी म्हणजे माणूस नाही, संगणकावरची वही आहे, आणि ती खराब झाली. आईचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना," ती म्हणाली. "मग तोंड कशाला असं केलंयस?"

त्याने ताट तसंच सरकवलं. बायको मागोमाग गॅलरीत आली. त्याने तिला सगळं सांगितलं. डिस्क, तारीख, दुरुस्तीवाला. फक्त तो 'हो' सोडून.

"मग साहेबांना सांग. यंत्र आहे, बिघडतं," ती म्हणाली.

"ताईंनी विचारलं होतं." मग तेही सांगितलं.

तिने दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला घेतल्या. शेवटी म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी जा ताईंकडे."

तो गेला नाही. उद्या, परवा, असं चाललं. देखभालीचं पान तसंच होतं. विभागात कुणी विचारलं की तो काहीतरी तांत्रिक बोलायचा, आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे. ते सगळ्यांत वाईट होतं. पूर्वीचा 'प्रिंटर' असता तर कुणीतरी उठून बघायला आलं असतं. विकीभाऊंच्या कामात कुणी डोकावत नव्हतं.

मग प्रयोगशाळेची यंत्रणा पुन्हा अडकली. नवीने विकी उघडला, देखभाल. तिने त्याच्याकडे पाहिलं. "ते एक पान तरी काढून द्या. ताईंचं, लाल धमकीवालं."

"आत्ता नाही निघणार."

"मग मी ताईंनाच फोन करते."

तो अडवणार होता, पण काय सांगून अडवणार? तो खुर्चीत बसून ऐकत राहिला. नवीने फोन स्पीकरवर टाकला, ताई सांगत गेल्या, ती करत गेली. निकाल वॉर्डात पोहोचायला लागले. शेवटी ताई म्हणाल्या, "हे सगळं लिहिलंय की गं मी. सापडलं नाही का? शब्द चुकले असतील माझे, तर सांग, बदलू."

"नाही नाही ताई, विकी बंद आहे. देखभाल चालू आहे. बरेच दिवस झाले."

"बरेच दिवस?" ताई म्हणाल्या. "तो आहे का तिथे?"

नवीने फोन त्याच्याकडे धरला.

"काय रे, काही अडचण आहे का?"

सगळी खोली ऐकत होती. "नाही ताई," तो म्हणाला. "जरा काम चालू आहे. होईल."

"बरं," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्यांच्या त्या 'बरं'वरून त्याला कळलं की त्यांना कळलंय.

त्या संध्याकाळी तो त्यांच्या घरी गेला. ताईंच्या नवऱ्याने दार उघडलं. बैठकीच्या खोलीत ताई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर मेणाचं भांडं, दोन्ही हात कोमट मेणात बुडवलेले. डॉक्टरांनी सांगितलेला उपाय होता तो. त्यामुळे त्यांना उठता आलं नाही आणि तो बोलत असताना हातही हलवता आले नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या.

त्याने सांगितलं. या वेळी पायऱ्या गाळल्या नाहीत. विजेचं काम, न जोडलेली डिस्क, रोजचा मेल, टिकटिक, तारीख, देखभालीचं पान, आजचा फोन.

"माझं काहीच नाही उरलं?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"काय उरलं मग?"

"प्रिंटरची पानं," तो म्हणाला.

ताईंचा नवरा, जो इतका वेळ दारात उभा होता, आत निघून गेला. आतून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. ताईंनी हात मेणातून वर काढले. बोटांवर पांढरा थर चढला होता, त्यात बोटं वेगळी दिसतच नव्हती.

"डिस्क जाते," त्या म्हणाल्या. "माझ्याही गेल्यात. दोनदा गेल्यात. मी त्याबद्दल काही बोलत नाहीये. मी विचारलं तेव्हा हो का म्हणालास?"

"सगळे बसले होते ताई. टाळ्या वाजत होत्या." तो थांबला. "मला फार बरं वाटत होतं. नाही म्हटलं असतं तर ते गेलं असतं."

"मी तुला तेव्हा पकडायला विचारलं नव्हतं. नाही म्हणाला असतास तर मी म्हटलं असतं, उद्या करून बघ. एवढंच. कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं."

"हो."

"आणि आज फोनवर? आजही सगळे बसले होते?"

त्याने मान खाली घातली. पायाखाली चटई होती, तिची एक कड उसवली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"मी पुन्हा लिहीन असं तुला वाटत असेल तर माझ्याच्याने होणार नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुला माहीत आहे ते लिहिताना काय व्हायचं. तू रोज बघत होतास. आता जा. मला आत्ता तू समोर नकोयस."

तो उठला. दारात चपला घालताना त्याला आतून ताईंच्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला, "गेला का तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साहेबांना सांगितलं, आणि मग साहेबांनी सांगायच्या आधीच विभागात सगळ्यांसमोर सांगितलं. तो 'हो' धरून. नवीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिने फक्त समोरची स्क्रीन बंद केली आणि पुन्हा चालू केली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सुनावलं. नोकरी राहिली, लेखी ताकीद मिळाली, आणि विकीचं काम नवीकडे गेलं. "यंत्र तुम्हीच सांभाळा," साहेब म्हणाले, "पण शब्द तिचा चालेल." हे योग्यच होतं. तरी नवीला सगळे पासवर्ड लिहून देताना त्याचे कान तापले होते.

देखभालीचं पान त्याने स्वतः काढलं. त्या जागी घडलेली हकीकत लिहिली, खाली नाव घातलं, आणि 'आहे' लिहिलं.

महिनाभराने नवी एकदा दुपारी बॅग उचलून निघाली. कुठे, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाली, "ताईंकडे. त्या सांगणार आहेत, मी लिहिणार." जाता जाता तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "त्यांनी सांगितलंय, फक्त मीच यायचं."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मग आठवड्यातून एकदा-दोनदा ती जात राहिली, आणि विकीत पानं येऊ लागली. तो ती वाचायचा. पायऱ्या बरोबर होत्या, नीट क्रमाने. पण धमक्यांना काय येतं आणि फोन गोड असेल की नसेल, ते त्यात नव्हतं. नवी सरळ, स्वच्छ लिहायची. ताई सांगताना गंमत करत असतीलही, पण ती लिहिण्याजोगी कुणाला वाटत नसावी. काय गेलं ते त्याला त्या चांगल्या, कोरड्या पानांवरून रोज नव्याने कळायचं. दर सोमवारी तो नवीला शेजारी बसवून प्रतीतून सगळा विकी एका रिकाम्या यंत्रावर परत उभा करून दाखवायचा. ती बघायची, चार पानं उघडायची, "ठीक," म्हणायची आणि उठायची. विकीभाऊ हे नाव हळूहळू मागे पडलं. प्रिंटरही परत आलं नाही. लोक आता त्याला त्याच्या नावाने हाक मारत, आणि ते त्याला जास्त परकं वाटायचं.

ताईंचे उपचार याच इस्पितळात चालायचे, दुसऱ्या मजल्यावर. हे त्याला माहीत होतं, म्हणून तो त्या मजल्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा. पण एके दिवशी दुसरं कुणी नव्हतं. तिथल्या खिडकीवरचा प्रिंटर दुरुस्त करून तो वळला तर बाकावर ताई बसल्या होत्या. एकट्याच. कोटाचं वरचं बटण त्यांना लावता येत नव्हतं.

पळून जावं असं त्याला वाटलं. तो जागचा हलला नाही.

"लावून दे," ताई म्हणाल्या.

त्याने वाकून बटण लावलं. त्याच्या बोटांना प्रिंटरची काळी शाई लागली होती, ती कोटाला लागू नये म्हणून त्याने नुसत्या नखांनी धरलं.

"ती मुलगी चांगलं लिहिते," ताई म्हणाल्या.

"हो. व्यवस्थित."

"औषध विभागाच्या पानावर एक पायरी उलटी पडलीय. चौथी आधी हवी आणि तिसरी नंतर. परवा वाचताना दिसलं. मीच चुकीचं सांगितलं असेन."

"मी सांगतो तिला."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मायेने म्हणावं असं नाही, पण बघितलं. "तिला कशाला? तुला येतं ना? तूच कर."

परिचारिकेने त्यांचं नाव पुकारलं. ताई उठल्या आणि आत गेल्या.

खाली येऊन त्याने औषध विभागाचं पान उघडलं. चौथी पायरी वर नेली, तिसरी खाली आणली, पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. जतन करण्याआधी त्याने नवीला हाक मारली.

"जरा बघतेस का? ताईंनी बदलायला सांगितलंय. बरोबर आहे का ते तू वाच."

नवी उठून आली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिने वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

त्याने जतन केलं. बरं वाटेल अशी त्याची अपेक्षा होती, पण तसं काही फारसं झालं नाही. छातीत जे होतं ते तिथेच होतं. फोन वाजला, वरच्या मजल्यावर कुणीतरी पासवर्ड विसरलं होतं. त्याने फोन उचलला आणि आपल्या ऑपरेटरच्या आवाजात म्हणाला, "सांगा, मी आहे."